मस्कतहून आलेलं अत्तर: आधी मनुका, मग लवंग, मग देवघर. पण मधलं ते काय?

जास्वंदी

मंडळी, धाकटा भाऊ गेल्या आठवड्यात मस्कतहून आला. दर वेळी खजूर आणि बदाम असतात. या वेळी हातावर एक काचेची बाटली ठेवली, करंगळीच्या दोन पेरांएवढी. जेमतेम ३ मिली. मत्रहच्या बाजारातून घेतलेली, लेबल नाही. नाव काय म्हणून विचारलं तर दुकानदार म्हणाला, "मुखल्लत", म्हणजे मिश्रण. भाजी कसली विचारावं आणि समोरच्याने "भाजी" म्हणावं, तसं झालं हे.

मी काही अत्तरवाली बाई नाही. हळदीकुंकवाला हाताच्या पाठीवर लावतात त्यापलीकडे माझी मजल नाही. पण हे चार दिवस लावतेय आणि डोक्याला भुंगा लागलाय. ऑफिसात मैत्रिणीने विचारलं, "कसला वास गं?" मी म्हटलं, "छान आहे ना?" आता हे काय उत्तर झालं का!

म्हणून रविवारी वही घेऊन बसले. साडेनऊला आंघोळ झाल्यावर डाव्या मनगटावर काडीने एकच ठिपका लावला.

पहिली पाच-सात मिनिटं फळ. ताजं नाही. काळ्या मनुका रात्री भिजत घालाव्यात आणि सकाळी वाटीवरची ताटली काढावी, तेव्हा येतो तो. गोड, किंचित आंबूस, एखाद्या दिवसात दारूच होईल असा.

दहा वाजता लवंग. साधीसुधी नाही, दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसवते. मग ती जरा खाली बसते आणि मागून दालचिनी येते, थोडं केशर येतं.

साडेअकरानंतर देवघर. धूप जळतानाचा वास नव्हे, धूप विझून तास झाल्यावर खोलीत उरतो तो. हा संध्याकाळी सहापर्यंत टिकला. पोळ्या लाटून, भांडी घासून सुद्धा.

इथवर ठीक. पण लवंग उतरते आणि देवघर अजून उघडलेलं नसतं त्या मधल्या वेळात, अकराच्या सुमाराला, तिसरंच काहीतरी येतं. हिरवट, चिकट, जरा झोंबणारं. वीसेक मिनिटं असतं आणि जातं. ओळखीचं आहे, लहानपणचं आहे, नाव ओठांवर येतं आणि परत फिरतं. चार दिवस मी रोज अकरा वाजता मनगट नाकाला लावून बसतेय. साहेबांना वाटतंय माझी तब्येत बरी नाही.

जालावर शोधलं तर अशा तेलांना 'फ्रुटी, स्पायसी, रेझिनस' म्हणतात. वाचून माझ्या डोळ्यांपुढे काहीही उभं राहत नाही. तर दोन प्रश्न. हे मराठीत कसं सांगाल? आणि तेलाचं अत्तर नीट लावायचं कसं?

लोकलवाली

तिसरा प्रश्न मी घालते. सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये लावून चढू नका हे कसं सांगायचं? मला अर्धशिशी आहे. परवा शेजारी एक बाई बसल्या, अख्ख्या बुधवार बाजारासारखा दरवळ. दरवळ कसला, भपकाराच. कुर्ल्याला उतरून मी पुढची गाडी पकडली. धाग्यात मीठ टाकल्याबद्दल माफी, पण आमचीही बाजू आहे.

जास्वंदी

@लोकलवाली, अगदी मान्य. पण हे तेल तसं नाही हो. मनगट नाकाशी नेल्याशिवाय माझं मलाच कळत नाही. मैत्रिणीला कळलं कारण ती माझ्या डब्यातलं लोणचं घ्यायला वाकली होती.

मस्कतकर

जास्वंदीताई, दुकानदाराने फसवलं नाहीये, खरंच बोलला तो. मुखल्लत म्हणजे मिसळलेलं. प्रत्येक दुकानाचं आपापलं, आणि काय मिसळलंय ते कोणी सांगत नाही. आमच्या आळीतली काकू तिच्या मेतकुटाचं प्रमाण सांगायची नाही, तसंच. मी मूळ दापोलीचा, इथे चौदा वर्षं आहे, तेव्हा लावायचं कसं ते इथल्यांचं पाहून सांगतो.

ओमानी पुरुषांचा पायघोळ पांढरा अंगरखा, दिशदाशा, पाहिला असेल. त्याच्या गळ्याशी एक छोटा गोंडा लोंबतो. बहुतेकांना वाटतं नुसती शोभा आहे. तो फुराखा. अत्तर त्याला लावतात. हनुवटीच्या खालीच असल्याने दिवसभर लावणाऱ्याच्या नाकाशी राहतं आणि कापडाच्या एवढ्याशा टोकाला डाग पडला तरी बिघडत नाही. आमच्या ऑफिसातले एक वयस्कर गृहस्थ बैठकीत विचार करायला लागले की तो गोंडा बोटांत फिरवतात, मग बोटं नाकाकडे जातात. मला आधी ती सवय वाटायची. नंतर कळलं, मधल्या सुट्टीत चहा पितात तसं ते आहे.

दुसरं म्हणजे तेल एकटं लावत नाहीत. आधी कपड्यांना धुरी. लाकडी तिकाटण्यासारखी चौकट असते, आत धूपदाणी ठेवायची, वर कपडा पसरायचा. त्यावर मग तेलाचा ठिपका. खाली धूर, वर तेल. तुमचं देवघर सहापर्यंत टिकतंय, कपड्यांना धुरी दिली असती तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेलं असतं.

आता एक गंमत. पहिल्या वर्षी आईने फोनवर सांगितलं, तिकडे चांगला ऊद मिळतो, घेऊन ये, नातवाला धुरी द्यायचीय. मी दुकानात जाऊन ऐटीत 'ऊद' मागितला. त्याने कुलुपातून लाकडाचे काळपट तुकडे काढले, तराजू घेतला, चिमूटभर तोलले आणि किंमत सांगितली. मी 'येतो' म्हणून जो बाहेर पडलो तो त्या गल्लीत वर्षभर गेलो नाही. अरबी ऊद म्हणजे अगरूचं लाकूड. आपल्या वाण्याकडे ऊद मागितला की मिळतो तो वेगळा, झाडाचा डिंक, त्यालाच पुष्कळ जण लोबान म्हणतात. आणि इथे लुबान म्हणजे तिसरंच! नावांचा नुसता गुंता आहे.

बाष्पक

@मस्कतकर, गुंता सोडवतो. पोटापाण्यासाठी वासांच्याच धंद्यात आहे, पुण्याजवळ.

तुमच्याकडचा लुबान हा ओमानच्या धोफार प्रांतातल्या बोस्वेलिया झाडाचा डिंक. आपला ऊद हा स्टायरॅक्स नावाच्या झाडांचा, सुमात्रा आणि सयाम-लाओसकडचा. अरबांनी त्याला 'लुबान जावी' म्हटलं, जावा बेटाकडचा लुबान. युरोपात जाताना त्याचं तोंड वाकडं होत होत 'बेंझॉइन' झालं. त्यात व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचंच द्रव्य असतं, म्हणून गोडसर. जास्वंदींचं 'धूप विझल्यावरचं देवघर' बहुधा हेच. जळतानाचा तिखट धूर यात नसतो, मागे उरतो तो गोडवा तेवढा असतो. वर्णन फारच अचूक केलंत.

तिसरं अगरू. ॲक्विलेरिया झाडाला जखम होते, बुरशी लागते, झाड स्वतःला वाचवायला राळ सोडतं आणि ते लाकूड काळं पडतं. निरोगी झाडाला हा वासच नाही. आसामात होतं. म्हणजे गंमत पाहा, अगरबत्ती आणि उदबत्ती हे आपण एकाच काडीसाठी वापरतो. शब्दांचा मराठी अर्थ पाहिला तर एकीत दुखावलेलं लाकूड आणि दुसरीत सुमात्राचा डिंक. प्रत्यक्षात बाजारातल्या बहुतेक काड्यांत दोन्ही नसतं, तो भाग वेगळा.

लवंगेने दाताचा डॉक्टर आठवला हे तर अगदी शब्दशः खरं. लवंगेतलं युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दातांत भरतात. तुमच्या नाकाने काहीही कल्पना केलेली नाही.

ओटीवरची माई

जास्वंदी, बाळा, तू लिहिलेलं दोनदा वाचलं. मला त्या तेलातलं काही कळत नाही, पण ऊद म्हटल्यावर हात थांबेना.

आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत संध्याकाळी धुरी असायची. शेगडीतले निखारे काढून घ्यायचे, वर ऊद, ओवा, वावडिंग, लसणाची सालं. पाळण्याच्या दोरीला धरून माझी आजेसासू धूर फिरवायची. बाळाच्या टाळूला तेल, अंगाला वेखंड, वरून हा धूर. नातसून म्हणते आता डॉक्टर नको म्हणतात, धुराने बाळाला त्रास होतो. बरोबरच असेल. पण तो वास नाकात बसला तो बसला.

दुसरं, फळाचं. तू मनुका म्हणतेस. मला दवणा असेल असं वाटतं. चैत्रात जोतिबाला गुलाल-खोबरं उधळतात, दवणा वाहतात. आम्ही वाडी रत्नागिरीला जायचो तेव्हा परतताना गाडीत पेंडी असायची. वाळत चाललेला दवणा हुंगून पाहा, हिरव्या पाल्याला सुक्या मेव्याचा वास कसा येतो देव जाणे. आणि एकाच पेंडीतला माझ्या हाताला वेगळा यायचा, जावेच्या हाताला वेगळा. तिच्या हाताचा चांगला यायचा. ते मला आवडायचं नाही.

गंधपिसा

माई, शेवटच्या वाक्याला साष्टांग!

दवण्याबद्दल अत्तरवालेही तेच सांगतात, माणसागणिक वेगळा येतो. दक्षिणेत, मुख्यतः कर्नाटकात शेती होते आणि तेल बाहेर जातं. परदेशी अत्तरांत सुक्या फळाचा भास आणायला ते घालतात. तेव्हा जोतिबाला वाहिलेलं ते मस्कतच्या बाटलीत निघालं तर नवल नाही.

आता मसाल्याबद्दल माझे दोन आणे. मी कनौजला, उत्तर प्रदेशातल्या अत्तरांच्या गावी, जाऊन आलोय. तांब्याचा मोठा देग, खाली लाकडं आणि गोवऱ्या, झाकणाच्या कडेला माती लिंपलेली, त्यातून बांबूची नळी तिरकी खाली पाण्याच्या हौदात. हौदात भपका, म्हणजे लांब मानेचं भांडं, आणि भपक्यात चंदनाचं तेल. वाफ येते, गार होते, वास चंदनात मुरतो. कारागीर हाताने भपका चाचपतो आणि ऊन लागला की फिरवतो. थर्मामीटर वगैरे काही नाही, तळहातच.

तिथे शमामा नावाचं अत्तर काढतात, थंडीतलं. त्यात जडीबुटी आणि मसाले पुष्कळ, घराघराची कृती निराळी. ते मी हातावर लावलं आणि चक्रावलो. वास सदाशिव पेठेतल्या आमच्या स्वयंपाकघराचा! दुकानदाराला विचारलं, काय घालता? त्याने डबा उघडून दाखवला, 'छरीला'. बघतो तर आपलं दगडफूल. गोड्या मसाल्यातलं. पुढच्या डब्यात जटामांसी, नागरमोथा, कपूरकाचरी. म्हणजे दिवाळीचं उटणं. गोडा मसाला आणि अभ्यंगस्नान एकाच बाटलीत घालून उत्तर प्रदेशातला माणूस मला विकत होता. मी अर्धा तोळा घेतला.

तर जास्वंदी, माझं म्हणणं असं की वासाचं नाव शोधू नका, वासाचं घर शोधा. कोणतं कपाट, कोणाचा पदर, किती वाजता. तुम्ही ते आधीच केलंय: वाटीवरची ताटली, डॉक्टरची खुर्ची, तासापूर्वी विझलेला धूप. 'फ्रुटी' म्हणून काय कळणार होतं?

मुकाट_वाचक

बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी.

@गंधपिसा, पटलं, पण भाषेवर अन्याय करू नका. मराठीत वासांना शब्द नाहीत असा एक गैरसमज आहे. माझ्या आजीच्या तोंडचे आठवतायत तेवढे लिहितो. खमंग, खरपूस, करपट, धुरकट, कोंदट, कुबट, खवट, ओशट, आंबूस, हिवस, मातकट, उग्र. दर्प वेगळा, दरवळ वेगळा, घमघमाट वेगळा, भपकारा वेगळा. यातला 'हिवस' मला दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगताच येत नाही. अंडं फोडलेल्या वाटीला नीट न घासता त्यात चहा ओतला की कळतो.

अडचण एकच आहे. हे सगळे शब्द घराची राखण करणारे आहेत. डाळ करपली का, तेल खवट झालं का, फडकं कुबटलं का. चांगल्या वासाला मात्र सुवास, सुगंध, परिमळ. तिन्ही पूजेच्या ताटातले. 'खमंग' आणि 'खरपूस' तेवढे रांगडे आणि चांगले. म्हणजे बिघडलं तर दहा शब्द आणि जमलं तर आरती.

जास्वंदी

@मुकाट_वाचक, तुम्ही मुकाट राहू नका, विनंती. यातला 'उग्र' माझ्या लवंगेला चालेल. फळाला 'आंबूस' मी वापरलाच. पण राळेच्या वासाला काय? 'धुपासारखा' म्हणजे पुन्हा उपमाच झाली.

चिखलदऱ्याचा वारा

राळेचं म्हणाल तर आमच्या मेळघाटात या की. सालईचं झाड पाहिलंय का कोणी? साल कागदासारखी सुटते. खोडाला घाव पडला की डिंक येतो, थेंब थेंब. हे मस्कतकर दादा ज्या लुबानचं सांगून राहिले ना, त्याचीच ही चुलत बहीण, बोस्वेलियाच. आमच्याकडे तो डिंक धूप म्हणून जाळतात. लहानपणी मी चघळला होता, दाताला जो चिकटला तो रात्रीपर्यंत निघाला नाही, आईनं पाठीत धपाटा घातला तो वेगळा. चव कशी? आधी कडू, मग लिंबाची साल, मग टर्पेंटाइन. राळेच्या वासाला आम्ही 'चिकाटा' म्हणतो. शब्दकोशात असेल नसेल.

मस्कतकर

@चिखलदऱ्याचा वारा, अगदी तेच! सलालाहचा हौजरी लुबान, हिरवट पांढरा, सगळ्यात वरच्या दर्जाचा समजतात. इथले लोक तो चघळतात, रात्री पाण्यात भिजवून सकाळी ते पाणी पितात. पहिला वास लिंबाच्या सालीचा, मागून सुरूच्या किंवा चीडाच्या लाकडाचा. धोफारची ही झाडं, जुनी बंदरं वगैरे मिळून युनेस्कोच्या यादीत आहेत २००० सालापासून. जास्वंदीताई, तुमचं ते अकरा वाजताचं हिरवट-चिकट म्हणजे हाच लुबान असणार. माझी पैज.

जास्वंदी

@मस्कतकर, भावाने लुबानचे खडेही आणलेत, लगेच काढून हुंगले. जवळ जातंय. लिंबाची साल आहे, पण माझ्या वासात लिंबू नाही. आणि मी लहानपणी लुबान पाहिलेलाच नाही. मी रत्नागिरीची. आठवण कुठून येणार?

बाष्पक

ताई, नाकाला रेणू कळतात, गाव कळत नाही. लुबानात पायनिन आणि त्याच्या जातीचे टर्पीन, म्हणजे झाडांच्या राळेत-चिकात असणारे वासाचे रेणू, भरपूर. तीच मंडळी कमीअधिक प्रमाणात चीडात आहेत, टर्पेंटाइनमध्ये आहेत, कैरीच्या चिकात आहेत, मिरीत आहेत. तुम्ही यातलं काहीतरी लहानपणी हुंगलं असणार.

आता लावण्याबद्दल, कारण दुसऱ्या प्रश्नाला कोणी नीट हात घातलेला नाही.

फवाऱ्यात अल्कोहोल असतं, ते उडताना वास बरोबर घेऊन खोलीभर जातं. तेलात ते नाही, म्हणून तेल अंगाशी राहतं. @लोकलवाली, तुम्हाला त्रास दिला तो बहुधा फवारा असेल, किंवा कोणीतरी तेल अर्धी बाटली ओतून घेतलं असेल. एक ठिपका पुष्कळ. कानामागे, कोपराच्या आतल्या बाजूला, गळ्याच्या खळगीत. आंघोळीनंतर त्वचा जरा ओलसर असताना जास्त टिकतं. मनगटावर मनगट घासून रेणू 'तुटतात' वगैरे काही नाही, पण घासल्याने ऊब येते आणि वरचा फळाचा भाग लवकर उडून जातो. तुमची मनुका पाच मिनिटं टिकते, तीही घालवू नका.

दालचिनी असेल तर सांभाळून. सालीच्या तेलातलं सिनॅमाल्डिहाइड पुष्कळांच्या कातडीला सोसत नाही, म्हणून सुगंधउद्योगाने स्वतःवरच त्याच्या मर्यादा घालून घेतल्यात. कोपराच्या आत एक ठिपका लावा, दोन दिवस वाट पाहा, लाल झालं नाही तर पुढे चला. मोत्यांवर, रेशमावर नको. पैठणीवर तर अजिबात नको. राळेचा पिवळा डाग धोबी काढू शकत नाही आणि सासू विसरू शकत नाही.

लोकलवाली

@बाष्पक, ओतूनच घेतलं होतं. खात्री आहे. बाकी सासूबद्दल सहमत.

गंधपिसा

एक राहिलं. तुमच्या तेलात 'अंबर' असेल का? दुकानदार हटकून सांगतात.

बाष्पक

सांगतात आणि लोक व्हेल मासा समजतात. बाटलीवर अंबर लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा लॅबडॅनम, बेंझॉइन आणि व्हॅनिला यांचं मिश्रण. लॅबडॅनम हा भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाचा चिकट स्राव. हिरोडोटसने लिहून ठेवलंय की तो बोकडांच्या दाढीला चिकटलेला मिळतो. जगातल्या महागड्या बाटल्यांतल्या त्या गोड, ऊबदार वासाचा उगम बोकडाची दाढी.

व्हेलचा अंबर वेगळा. पेपरात दर काही महिन्यांनी 'व्हेलची उलटी पकडली' म्हणून कोकणातली बातमी येते तो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो बाळगणं, विकणं गुन्हा आहे. किनाऱ्यावर सापडला तर हुंगून परत ठेवा आणि वनखात्याला कळवा.

मुकाट_वाचक

अवांतर होतंय, पण आरतीबद्दल मीच बोललो होतो म्हणून माझीच दुसरी बाजू. या विषयात आपण अगदीच कोरडे नव्हतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचा अख्खा अध्याय आहे आणि त्यात चक्क गणित आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर १८२० प्रकार होतात, असं तो सांगतो. सहाव्या शतकात अत्तरवाल्यासाठी गणित! आणि मराठीपुरतं म्हणाल तर 'गंधवाद' नावाच्या जुन्या ग्रंथावर मराठी टीका, म्हणजे विवरण, आहे. भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी तिच्याकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. म्हणजे आपल्या भाषेत बसून कोणीतरी वासाच्या कृती समजावून सांगत होता. ते शब्द पुढे कुठे हरवले कोण जाणे. मसाल्याच्या डब्यात गेले असावेत.

बाष्पक

+१. आणि निवडीचं ते गणित आम्ही आजही करतो, फक्त संगणकावर.

फळाबद्दल एक सांगायचं राहिलं. अत्तरात फळ पिळून घालता येत नाही. मनुकेचं, पीचचं तेल निघत नाही. तो भास बांधावा लागतो. पीचसाठी लॅक्टोन जातीचा एक रेणू वापरतात. धंद्यात त्याला 'आल्डिहाइड सी-१४' म्हणतात, खरं तर तो आल्डिहाइडही नाही. पॅरिसच्या गेर्लां कंपनीने १९१९ साली 'मित्सुको' नावाचं अत्तर काढलं त्यात तो आहे, आणि त्याच्याखाली शेवाळासारखं ओकमॉस. ओकमॉस म्हणजे दगडफुलाच्याच गोत्रातलं. फळ आणि दगडफूल ही जोडी तिथेही जमली होती. आपल्या हापूसच्या वासातही लॅक्टोनांचा वाटा मोठा आहे.

ओटीवरची माई

फळ आणि मसाला एकत्र यात एवढं नवल काय ते मला कळेना. साखरांब्यात लवंग घालत नाही का आपण? गुळांब्यात वेलची? बरणी उघडून हुंगा.

जास्वंदी

माई!! बरणी उघडली. साखरांबा. गेल्या मे महिन्यातला, तळाशी दोन लवंगा. पाच मिनिटांचं फळ आणि दहाची लवंग, दोन्ही आहेत. मनुका नव्हती ती, शिजून गडद झालेला आंबा होता. माझं नाक मनुकेवर अडकलं कारण रोज सकाळी तीच खाते.

पण अकराचं अजून नाही. साखरांब्यात ते नाही, देवघरात ते नाही. उद्या आई येतेय रत्नागिरीहून, पाच-सहा दिवस राहील. तिच्या मनगटावर लावते. तिने आयुष्यात अत्तर विकत घेतलं नाही, पण दूध नासणार हे तिला आदल्या रात्री कळतं.

मस्कतकर

थांबतो. पैज कायम.

जास्वंदी

उशीर झाला, माफ करा. घरात माणसं होती.

काल सकाळी आईला अंगणाकडच्या खुर्चीत बसवलं आणि साडेनऊला ठिपका लावला. म्हटलं, काही सांगायचं नाही, मी विचारीन तेव्हा बोलायचं. तिने पहिल्यांदा हात पदराला पुसला. दुसऱ्यांदा लावला.

पाच मिनिटांनी विचारलं. "गोड आहे. कायतरी उतू गेलंय."
दहाला: "लवंग. दात दुखतोय का कोणाचा?"

मग ती मटार सोलायला बसली आणि मी मुद्दाम स्वयंपाकघरात गेले. अकराला दहा कमी असताना तिनेच हाक मारली. मी बाहेर आले तर मटाराचं ताट बाजूला, मनगट नाकाशी, डोळे मिटलेले. म्हणाली, "अगो, अढी उघडलीस की काय?"

मंडळी, अढी. माडीवरची. भाताचा पेंढा पसरायचा, त्यावर आंबे, परत पेंढा, परत आंबे. देठाशी सुकलेला चीक, तो बोटाला लागला की काळा डाग आणि ओठाला लागला की फोड. आठवड्याने बाबा पेंढा बाजूला करायचे तेव्हा आम्ही चौघं भावंडं डोकी घालून बघायचो. पिकायला लागलेलं फळ, पेंढा आणि चीक. हिरवट, चिकट, झोंबणारं. @बाष्पक, तुम्ही कैरीचा चीक आधीच लिहून गेला होतात आणि मी वाचून पुढे गेले. @चिखलदऱ्याचा वारा, तुमचा 'चिकाटा' आईला सांगितला, तिने पास केला.

@मस्कतकर, त्यात लुबानच असेल, रेणू तेच म्हणतात ना. पैज निम्मी तुमची. भावाबरोबर साखरांबा पाठवते.

लोकलवालीताई, आईने जाताना बाटली मागून नेली. मडगाव एक्स्प्रेसने गेलीय, तुमच्या डब्यात नव्हती.

ओटीवरची माई

आणि देवघराला काय म्हणाली गं ती?

जास्वंदी

माई, तोवर मटार संपले होते. तिला डुलकी लागली. हात तसाच, गालाखाली.